चार उभे पंखे

धाकटी : प्लग कुठेय, ताई? लावून तर बघू. तीन स्पीड आहेत, मानही फिरते.

ताई : राहू दे खोक्यात.

धाकटी : अगं, खास तुझ्यासाठी आहे. मालकांनी स्वतः पाठवलाय. म्हणाले, तुमच्या बहिणीच्या घरी उकडत असेल.

ताई : सतरा वर्षं त्यांच्या लॉन्ड्रीत इस्त्री करतेय. माझं उकडणं आज आठवलं होय त्यांना?

धाकटी : तू ना, प्रत्येक गोष्टीत वाकडं बघतेस.

ताई : बरं, सरळ बघते. पर्समध्ये काय आहे?

धाकटी : कुठे काय?

ताई : आल्यापासून मांडीवरून खाली ठेवली नाहीस.

धाकटी : एक कागद आहे. सही हवी होती तुझी. बाकी सगळ्यांनी केलीय.

ताई : वाच.

धाकटी : "इस्त्रीच्या खोलीत उन्हाळाभर चार उभे पंखे चालू होते. इस्त्रीकाम करणाऱ्या मावशींना आधीपासूनच चक्कर येण्याचा त्रास होता. त्या पडल्या, यात लॉन्ड्रीची काही चूक नाही." बस, एवढंच.

ताई : पंखे किती दिवस होते गं?

धाकटी : ताई, प्लीज.

ताई : मी विसरले असेन म्हणून विचारते.

धाकटी : एक दिवस.

ताई : तपासणीवाले साहेब आले, तो दिवस. सकाळी टेम्पोतून उतरवले, संध्याकाळी परत चढवले. भाड्याचे. मावशी अंबाडा सोडून पंख्यापुढे उभ्या राहिल्या होत्या. एवढ्या वयाच्या, पण पोरीसारख्या हसत होत्या.

धाकटी : आठवतंय मला.

ताई : त्यांचा हात बघून आलीस?

धाकटी : वेळच नाही मिळाला.

ताई : पडताना तापल्या इस्त्रीवर टेकला. तळवा गेलाय सगळा. बोटं मिटत नाहीत. सून भरवते.

धाकटी : वाईटच झालं ते. पण हा कागद गेला नाही, तर लॉन्ड्रीला टाळं लागेल. चाळीस बायका घरी बसतील. त्यांचा विचार कोण करणार?

ताई : म्हणून मावशींना खोटं पाडायचं.

धाकटी : मला काय हौस आहे? वरून सांगितलं की करावं लागतं. माझ्या जागी तू असतीस तर?

ताई : तुझ्या जागी एक पंखा होता.

धाकटी : म्हणजे?

ताई : तुझ्या टेबलावरचा. त्या दुपारी मावशी आल्या होत्या तुझ्याकडे. दहा मिनिटं पंख्याचं तोंड इकडे करा म्हणाल्या. मी दारामागेच चादरींच्या घड्या घालत होते.

धाकटी : ऐकलंस तू?

ताई : तू काय म्हणालीस, तेही ऐकलं.

धाकटी : नियम आहे तो. वारा लागला की इस्त्री गार पडते, काम मागे पडतं.

ताई : "मावशी, नाटकं पुरे." हेही नियमात आहे?

धाकटी : मला काय माहीत त्या खरंच पडतील? रोज कुणी ना कुणी येतं. एकीला दिलं की दुसरी उभी.

ताई : तुला दिवस गेले होते, वाफेनं उलट्या व्हायच्या. तुझ्या वाटच्या चादरी कोण करायचं तेव्हा?

धाकटी : मावशी.

ताई : हं.

धाकटी : तुला वाटतं मला झोप लागते? नाही लागत. पण यांचं काम सुटलंय, पोरीची शाळा आहे. माझी नोकरी गेली तर संपलंच सगळं. तुझ्याशिवाय कुणाकडे जाऊ मी?

ताई : नुसती आली असतीस, रडली असतीस, तर जवळ घेतलं असतं. खोकं घेऊन आलीस.

(ताई खोकं उचलून दारापाशी नेऊन ठेवते.)

धाकटी : म्हणजे सही नाही करणार.

ताई : नाही. कुणी विचारलं तर पंखे एक दिवस होते, हे सांगेन. तुझं नि मावशींचं बोलणं नाही सांगणार. त्याचं तू आणि त्या बघा.

धाकटी : मालकांना काय तोंड दाखवू?

ताई : ते मला नको विचारूस. मला एवढंच सांग, उद्या कामावर येऊ का?

धाकटी : असं काय विचारतेस, ताई?

ताई : बहिणीला नाही विचारत. सुपरवायझरबाईंना विचारतेय.

धाकटी : सकाळी डबा नको भरूस.