धुरळा मोजताना भेटलेले शब्बीरचाचा

जमलेल्या गावकऱ्यांनो, आणि चाचांची लेक रेहानाताई,

मी या गावची नाही. माझ्याआधी जे बोलले ते शब्बीरचाचांना जन्मभर ओळखत होते. मी ओळखते एकाच उन्हाळ्यापुरती. तरी उभी राहिले आहे. सांभाळून घ्या.

ट्रॅक्टरने रान तयार करताना हवेत किती धुरळा उडतो, ते मोजायला मी देवळाली प्रवरेजवळच्या तुमच्या या शिवारात आले होते. बांधावर हवा ओढणारं यंत्र, त्यात पांढरा कागद. कागदावर बसलेली धूळ आम्ही तोलतो. एवढंच काम. ट्रॅक्टरवर चाचा, बांधावर मी. तिसरं कुणी नाही. दुपारी लिंबाखाली दोघं जेवायचो. चाचा आपली भाकरी मोडून पुढे करायचे. म्हणायचे, "ही खा म्याडम. तुमच्या पोळीचा पापड झालाय."

तिसऱ्या आठवड्यात पाहिलं, तर कागद जवळजवळ कोरेच. यंत्र बिघडलं का? नाही. मग लक्षात आलं. बांध जवळ आला की चाचा ट्रॅक्टरमागचा, माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर आधीच उचलून घ्यायचे, ट्रॅक्टर हळू करायचे. मला वाटायचं, वळायचंय म्हणून.

विचारलं, तर हसून म्हणाले, "तुमच्या अंगावर लई धुरळा येत हुता. म्हनून जरा बेतानं घेतलं."

मी काय करावं? मी चिडले. शेतमालकासमोर, चार माणसांत बोलले, "तुमच्यामुळे माझी सगळी मेहनत मातीत गेली."

चाचा म्हणाले, "चुकलं, म्याडम." बस.

दुसऱ्या दिवसापासून रोटाव्हेटर बांधापर्यंत खाली. आकडे बरोबर आले. चाचा मात्र लिंबाखाली आले नाहीत. ट्रॅक्टरच्या सावलीत, माझ्याकडे पाठ करून जेवायचे. मी रोज वाट पाहिली. रोज ठरवलं, उद्या बोलेन. काम संपलं, मी निघून गेले. माफी मागितलीच नाही.

मंगळवारी चाचा गेल्याचा फोन आला. आज रेहानाताईंच्या शेजारी बसले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अब्बा घरी तुमचंच बोलायचे. म्हनायचे, बाई दिसभर येकटी बसती, जेवती बी येकटी. तिनं हाक मारली आसती तर मी गेलो आसतो."

ऐकलंत? एक हाक. मला वाटलं, माणूस रागावलाय. आणि माणूस वाट पाहत होता. एकाच रानात आम्ही दोघं एकेकटी जेवलो, ते माझ्यामुळे. हे मी कुणाला सांगू? ज्यांना सांगायचं तेच नाहीत. आज तुमच्या एवढ्या गर्दीत मला फार एकटं वाटतंय.

आता आपण उभं राहून थोडा वेळ शांत राहू या. ज्यांना दुवा मागायची, त्यांनी मागा. त्याआधी मला ती हाक मारू द्या. उशीर झालाय, तरी मारते.

चाचा, या. जेवायला बसू.