इराची पुस्तकं, मीराची लेबलं

तुम्ही हसाल, पण माझ्यात आता हसायचंही त्राण नाही.

शनिवारी बूट-रेनकोट करत अख्खी डोंबिवली पालथी घातलेली. सोमवारी शाळा. रविवारी मी इराच्या स्कर्टची दुमड उसवत बसलेले. नवऱ्याला म्हटलं, "तेवढी पुस्तकांना कव्हरं घाल." त्याने घातली, वर इराच्या नावाची लेबलंही चिकटवली. बिनकव्हरचा गठ्ठा मी समोरच्या शीतलला देऊन आले. तिची मीरा यंदा तिसरीत. इराची जुनी पुस्तकं दरवर्षी तिलाच जातात, म्हणून त्यांची फाटकी कव्हरं मी आधीच काढून ठेवलेली.

संध्याकाळी दप्तर भरताना इरा ओरडली, "आई, ही तर माझी तिसरीचीच आहेत! ह्यात मी सगळ्यांना मिशा काढल्यात!"

मी नवऱ्याकडे बघितलं. "अरे, उघडून तरी बघायचं!"

"तू कव्हर घाल म्हणालेलीस. वाच कुठे म्हणालीस?"

तशीच शीतलकडे गेले. ती दारातच म्हणाली, "वहिनी, इरा किती जपून वापरते हो! एकदम कोरी! आत्ताच सगळ्यांना कव्हरं घालून झाली." वर मीराच्या नावाची लेबलं.

"शीतल, ही इराची चौथीची आहेत गं."

ती मटकन खाली बसली. तिच्या शेजारी मीही बसले. शेवटी गठ्ठे बदलले.

"आता लेबलं तेवढी बदलायची ना?" तिने विचारलं.

म्हटलं, "राहू दे गं बाई. त्यापेक्षा पोरींची नावं बदलू."