आप्पांच्या दुकानातली सगळी पाकिटं

पूर्णिमा : (फोनवर) ...आणि महादेवआप्पा मला तेव्हाच म्हणाले होते, "बाई, सगळी पाकिटं एकटीच नेऊ नको. पोरं त्याच्यासाठीच येत्यात माझ्याकडं." मी काय म्हणावं? "आप्पा, याला इन्व्हेस्टमेंट म्हणतात!"

करिष्मा : आमच्या काकतीत शाळेसमोर पेन्सिली इकणाऱ्या म्हाताऱ्याला?

पूर्णिमा : बी.कॉम. आहे ना मी.

करिष्मा : बी.कॉम. मी बी हाय की गं. कसली पाकिटं?

पूर्णिमा : क्रिकेटची कार्डं. एखादं चमकी निघालं तर बंगळूरची शहाणी माणसं हजारो रुपये देतात म्हणे. म्हणून दर गुरुवारी माल आला की शाळा सुटायच्या आत मी हजर. स्कूटरवर पुढं माझा समर्थ, मागं अख्खा डबा.

करिष्मा : पोरांच्या तोंडचं पळवून काळाबाजार!

पूर्णिमा : समर्थच्या कॉलेजसाठी गं.

करिष्मा : तीन वर्षांचा हाय त्यो.

पूर्णिमा : म्हणूनच म्हटलं, उशीर नको.

करिष्मा : मग? किती कमावलंस?

पूर्णिमा : पाकीट बंद असेल तरच भाव, हे मला कुठं ठाऊक? आमच्या शहापुरात पदर उलगडून दाखवल्याशिवाय साडी कोण घेतं? मी एकूण एक पाकीट फोडलं, कार्डं निवडली आणि साड्यांच्या ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "आता कसर बी लागायची न्हाय आणि गिऱ्हाईक बी."

करिष्मा : (हसत) थांब गं, पोट दुखाय लागलं.

पूर्णिमा : हस. आज सकाळी सगळी पिशवीत भरून काकतीला आलते. म्हणणार होते, आप्पा, पोरांना फुकट वाटा. तर दुकान बंद.

करिष्मा : लेकीकडं गेलं असतील, चिकोडीला.

पूर्णिमा : मीही तेच म्हणत वळले. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. चहावाला म्हणाला, "पोरं येईनाशी झाली, तवापासनं आप्पा कधी उघडतंय, कधी न्हाय. आमी बी बघत न्हाय." आधी दुकान उघडायला जरा उशीर झाला की पोरंच दार बडवायची म्हणे.

करिष्मा : गेलं असतील गं. भायेर जाताना त्यांचं ते मोठं कुलूप असतंयच.

पूर्णिमा : ...कुलूप?

करिष्मा : व्हय की. पितळी.

पूर्णिमा : कुलूप नव्हतं, करिष्मा. दाराच्या फळ्या आतून लावल्या होत्या.

करिष्मा : आणि तू हाक न्हाय मारलीस?

पूर्णिमा : कुठल्या तोंडानं मारू? मी निघते, पण शहापूरहून अर्धा तास लागेल. तू आत्ता जा. चप्पल शोधत बसू नकोस. जाऊन बघ त्यांना.