नाही म्हणायची सोय

मॅडम: "दबाव आहे का?" या संमतीपत्रातल्या प्रश्नापुढे तुम्ही लिहिलंय, "आहे, पण प्रेमळ." असं चालत नाही. हो किंवा नाही.

मास्तर: मग दोन्ही लिहा.

मॅडम: जागा एकाच उत्तराची आहे.

मास्तर: मॅडम, माझी बहीण दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येते. इथेच, खालच्या मजल्यावर. तिला किडनी हवीय आणि माझी जुळते म्हणतात. आता घरात मला कोण काय बोलणार? कुणी काहीच बोलत नाही, तोच तर दबाव. आई मला जन्मभर "मेल्या" म्हणून हाक मारत आली. ती परवा विचारते, "पांघरूण पुरतं ना रे बाळा?" बळीचा बकरा कुणाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

मॅडम: आणि बहीण?

मास्तर: ताई? ती तर सगळ्यांवर ताण. म्हणाली, "तू नाही म्हणालास तरी मला वाईट वाटणार नाही." यावर माणसानं नाही म्हणायचं कसं? ओरडली असती तर भांडून मोकळा झालो असतो.

मॅडम: मी पुन्हा विचारते. हा निर्णय तुम्ही स्वतःच्या इच्छेनं घेतलाय का?

मास्तर: ते कळत असतं तर सही ठोकून कधीच गेलो असतो. तुम्हाला घाई आहे?

मॅडम: नाही. हा तास तुमच्यासाठीच ठेवलाय. दार लावलंय, बाहेर काही ऐकू जात नाही.

मास्तर: बाहेर माझा मोठा भाऊ बसलाय. दादा. त्यानंच आणलं मला. मी पळून जाईन म्हणून नाही हं. म्हणजे, तसं म्हटलं तर त्यासाठीही असेल.

मॅडम: पळावंसं वाटतंय?

मास्तर: माझा एक सिद्धान्त आहे. हसणार नसाल तर सांगतो.

मॅडम: या खोलीत मी सहसा हसत नाही.

मास्तर: देवानं माणसाला स्वतःची इच्छा दिली ती फक्त पाप करता यावं म्हणून. दुसरा काही उपयोग मला तरी अजून सापडलेला नाही. पुरावा मीच. आजवर हातून जे काही बरं झालं, त्यातलं एकही माझं नाही. लग्न केलं, ते आईनं ठरवलं म्हणून. दारू सोडली, ती डॉक्टरनं घाबरवलं म्हणून. सिगारेट बायकोनं सोडवली. सकाळी सहाला उठतो, कारण गिऱ्हाईक फाटकाशी येऊन उभं असतं. पण वाईट जे जे केलं ना, ते करायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. तिथे शंभर टक्के मीच.

मॅडम: उदाहरणार्थ?

मास्तर: लिहिणार असाल तर एखादं बारीकसारीक पाप सांगतो.

मॅडम: पेन खाली ठेवलं.

मास्तर: वडील दवाखान्यात होते. दुपारी त्यांच्याजवळ बसायची पाळी माझी. मी सिनेमाला गेलो. कुणी ओढून नेलं नाही, बरोबर मित्र नव्हता, सिनेमाही धड नव्हता. मध्यंतरात उठून येता आलं असतं, तेही आलो नाही. म्हणजे एकाच दुपारी स्वतःची इच्छा दोनदा वापरली. घरी सांगितलं, गाडी बंद पडली. तोवर वडिलांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या बायकोकडे पाणी मागून घेतलं होतं. पुढे सहा वर्षं जगले ते, तसं काही बिघडलं नाही. फक्त मला एवढंच म्हणाले, "तुझी गाडी बरी वेळेवर बंद पडते रे."

मॅडम: घरात इतरांना कळलं?

मास्तर: ताईला कळलं होतं. पण तिनं सगळ्यांना ठणकावून सांगितलं, मी स्वतः मेकॅनिकशी फोनवर बोलले म्हणून. आयुष्यात कधी खोटं न बोललेली बाई माझ्यासाठी बोलली, आणि काय सफाईनं! मलाच क्षणभर वाटलं, खरंच पडली असेल बंद.

मॅडम: म्हणून आता किडनी देताय?

मास्तर: नाही हो. एका सिनेमाला एक किडनी, तिकीट फारच महाग पडलं.

मॅडम: तुम्ही काम काय करता?

मास्तर: गाडी चालवायला शिकवतो. तेवीस वर्षं. सगळे मास्तरच म्हणतात. आमच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याला वाटतं, चालवतोय आपणच. नीट चालली तर ती मास्तरमुळे, आणि खांबावर गेली तर शिकणाऱ्याचं कर्तृत्व. देवाचा कारभार असाच असावा असं आपलं माझं मत.

मॅडम: पण लोक शिकतात ना?

मास्तर: शिकतात की.

मॅडम: मग?

मास्तर: मग स्वतःची गाडी घेतात. तिला तो दुसरा ब्रेक नसतो. पुढे काय करतात ते मी बघायला जात नाही, माझं काळीज तेवढं घट्ट नाही.

मॅडम: बरं, आता ऐका. आता जे सांगणार आहे ते मी अवयव देणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगते, याच खोलीत, एकटं असताना. तुम्ही नाही म्हणू शकता. आज, उद्या, ऑपरेशनच्या टेबलावर झोपवेपर्यंत कधीही. आणि नाही म्हणालात तर ते कुणालाही कळणार नाही.

मास्तर: म्हणजे कसं?

मॅडम: घरच्यांना आम्ही एवढंच सांगतो, "वैद्यकीय कारणानं योग्य नाहीत." पुढे कुणी कितीही विचारलं तरी एक शब्द जास्त नाही.

मास्तर: पण माझी जुळते हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

मॅडम: जुळणं ही एक तपासणी झाली. अजून पुष्कळ बाकी आहेत. त्यांत कुठेही काहीही निघू शकतं.

मास्तर: म्हणजे मी आत्ता नाही म्हणून घरी गेलो, तर आई पांघरूण घालणार. ताई वर माझीच समजूत काढणार, वाईट वाटून घेऊ नकोस म्हणून.

मॅडम: बहुतेक.

मास्तर: मॅडम, हे काय केलंत तुम्ही? मी बरा ढकलला जात होतो. पापाची इतकी चोख व्यवस्था मी उभ्या जन्मात पाहिली नाही. आणि तीही दवाखान्यातर्फे.

मॅडम: पापासाठी नाही ठेवलेली.

मास्तर: मग कशासाठी?

मॅडम: ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचा "हो" माझ्या काही कामाचा नाही. तुमच्या "हो"च्या भरवशावर एका धडधाकट माणसाचं पोट उघडायचं असतं. तो "हो" तुमच्या आईचा असून चालत नाही.

मास्तर: तुम्ही स्वतः घरी असं सगळं स्वतःच्या मनानं करता?

मॅडम: घरी भाजी कुठली करायची तेही मी ठरवत नाही. म्हणून तर नोकरीत इतकी कडक आहे.

(मास्तर उठून खिडकीशी जातात. काही वेळ पाठमोरे उभे राहतात, मग परत येऊन बसतात.)

मास्तर: कबूल करतो. तिथे उभा राहून मी नाही म्हणून बघितलं. मनातल्या मनात.

मॅडम: कसं वाटलं?

मास्तर: फार छान. एकदम हलकं. सुई नाही, टाके नाहीत. संध्याकाळी गाडी काढायची आणि गिऱ्हाइकावर ओरडायचं. मग तुमचे ते शब्द डोक्यात वाजायला लागले. "वैद्यकीय कारणानं योग्य नाहीत." मॅडम, हे शब्द मी आधी ऐकलेत. अगदी हेच.

मॅडम: हं.

मास्तर: गेल्या वर्षी दादाच्या तपासण्या झाल्या होत्या. त्याचंही जुळलं होतं. आणि मग एक दिवस तुमच्या लोकांनी आईला सांगितलं, वैद्यकीय कारणानं योग्य नाहीत. दादा याच खुर्चीवर बसला असणार.

मॅडम: त्यांच्याबद्दल मी काहीही बोलू शकत नाही. बहुतेकांच्या बाबतीत खरंच काहीतरी निघतं. तेवढं मात्र सांगते.

मास्तर: बहुतेकांच्या. म्हणजे मला कधीच कळणार नाही.

मॅडम: माझ्याकडून तरी नाही.

मास्तर: तुम्हाला आमचा दादा माहीत नाही. त्याची पेन्सिलसुद्धा कधी हरवली नाही. "दादाकडे बघ, दादाकडे बघ." बघून बघून मान आखडली माझी. आणि आत्ता, खरं सांगतो, पोटात गुदगुल्या झाल्या. म्हटलं, वा! गेली का तुमचीही गाडी खांबावर! खाली बहीण सुईला जखडलेली आणि मी इथे मनात पेढे वाटतोय. याची मला लाज वाटते. पण पेढे वाटले, हेही खरं.

मॅडम: मग आता काय करणार?

मास्तर: आता फार सोपं आहे. घरी सगळे बसलेले असताना फक्त विचारायचं, "काय रे दादा, तुलाही त्या मॅडमनी सांगितलं होतं का, नाही म्हणालास तर कुणाला कळणार नाही म्हणून?" बास. त्याचा चेहराच सांगेल. चाळीस वर्षांचं "दादाकडे बघ" एका वाक्यात निकालात.

मॅडम: विचारणार?

मास्तर: त्याच्या तपासण्या झाल्या तेव्हापासून ताईला इथे दादाच आणतो. एक दिवस चुकवला नाही. चार-चार तास डायलिसिसबाहेरच्या बाकावर बसून असतो, पेपरसुद्धा वाचत नाही. मला वाटायचं, किती भला माणूस. आता वाटतं, एकतर तो खरंच भला आहे, नाहीतर एकदा घाबरला आणि तेव्हापासून तिथेच बसून आहे. काहीही असलं तरी बाकावर तोच बसतो, मी नाही.

मॅडम: तुम्ही विचारणार का, असं मी विचारलं.

मास्तर: नाही विचारणार. खरं काय ते मला ठाऊक नाही. पण काय मानायचं हे मला आज कुणी सांगितलेलं नाही. आईनं नाही, बायकोनं नाही. तेव्हा माझं मत ऐका. दादामध्ये खरंच काहीतरी निघालं. रक्तात, लघवीत, कुठेही. माझा तसा ठाम विश्वास आहे. आत्ताच ठेवलाय.

मॅडम: आणि तुमचं स्वतःचं?

मास्तर: माझं हो लिहा. मला सुईची भीती वाटते, तेही लिहा. टेबलावर रडारड केली तर ती माझी प्रकृती समजा, विचार बदलला असं समजू नका.

मॅडम: "हो" कशासाठी, तेही मला ऐकायचंय.

मास्तर: ताई हवीय मला, मॅडम. बास, एवढंच. ती गेली तर माझ्यासाठी खोटं बोलणारं जगात कुणी उरणार नाही.

मॅडम: म्हणजे स्वतःच्या इच्छेनं.

मास्तर: दुर्दैवानं.

मॅडम: आणि तो सिद्धान्त?

मास्तर: तेवीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय. आता नवीन काहीतरी शोधावं लागेल, नाहीतर तासभर त्यांच्याशी बोलायचं काय?

मॅडम: सही इथे करा. आणि इथे तारीख. बाहेर भाऊ विचारतील, इतका वेळ आत काय चाललं होतं.

मास्तर: विचारेलच. दार उघडल्या उघडल्या आधी माझं तोंड बघेल. आणि समजा, त्यानं खरंच नाही म्हटलं असेल, तर ही सोय मलाही सांगितली गेली एवढं कळलं तरी पुरे. परत मान वर करून माझ्याकडे बघायचा नाही.

मॅडम: मग काय सांगाल?

मास्तर: खोटं. त्यात माझा हात धरणारा कुणी नाही. म्हणेन, काही नाही रे, वजन विचारलं आणि झोप लागते का विचारलं. बाईंनी उगाच तास घेतला.