बरणीतलं गोडं पाणी

चित्रा : आई, या बरणीच्या काचेला मिठाचं कडं धरलेलं नाही.

सरोज : धरेल कसं? दर रविवारी घासते मी ती.

चित्रा : आणि आतलं पाणी?

सरोज : ओतून देते. रविवारी कोरडा दिवस पाळायचा ना? महापालिकेचा माणूस पिंप, कुंड्या, सगळं बघून जातो. तुझ्या बरणीत डासांच्या अळ्या झाल्या असत्या, तर त्यांचेही ठोके मोजत बसली असतीस.

चित्रा : परत काय भरतेस?

सरोज : उकळून गार केलेलं पाणी. तुझ्या लाल खुणेपर्यंत, थेंबभर इकडेतिकडे नाही. पेसमेकरला हातसुद्धा लावत नाही, चिमट्याने धरते.

चित्रा : कधीपासून?

सरोज : तू बरणी घरी आणलीस तेव्हापासून. गणपतीच्या आधीपासून. का गं? अशी खाली काय बसलीस?

चित्रा : त्यात मिठाचं पाणी होतं, आई. शरीरात असतं तितकं खारट. त्यात बुडवून ठेवलं तरी ठोके देत राहिला, तरच तो माणसाच्या छातीत बसवायचा.

सरोज : पण चालतोय की. ठोके दाखवणारा काटा हलतोय बघ.

चित्रा : गोड्या पाण्यात हलतोय. आत्ताच चाखून बघितलं मी. आमच्या संस्थेतल्या बरणीत खारट पाणीच होतं, तिथला दिवाळीतच बंद पडला. आमचे प्रमुख हरिहर सर म्हणाले, झाकण नीट बसलं नसेल, एकावरून ठरवू नकोस. मला पटलेलं नव्हतं. पण मी रोज घरी येऊन हा काटा बघायचे आणि गप्प बसायचे.

सरोज : आणि मनुबाईला उद्या...

चित्रा : याच्याच जोडीचा.

सरोज : अगं, बाजारात टोपलीवरच चक्कर येऊन पडली होती ती. मीच तिला म्हटलं, माझ्या मुलीने केलेलं यंत्र आहे, डोळे मिटून बसवून घे. ती म्हणाली, बाय, इतकी वर्षं माझी मासळी तू न हुंगता घेतलीस, मी काय विचारू?

चित्रा : अजून थांबवता येईल.

सरोज : सर काय म्हणतील?

चित्रा : पाच वर्षांचं काम आहे, आता कच खाऊ नकोस म्हणतील.

सरोज : आणि ती?

चित्रा : सध्या बाहेरून तात्पुरता लावलाय. परदेशी पेसमेकर येईपर्यंत त्यावर निभावेल.

सरोज : मग उठ. फोन तिकडे आहे.

(चित्रा नंबर फिरवते. सरोज पाणी अंगाइतकं कोमट ठेवणारा बरणीखालचा दिवा बंद करते.)

चित्रा : सर, चित्रा बोलतेय. मनुबाईंना आपला पेसमेकर बसवायचा नाही.