माशी आहे की महाराणी?

…आणि वर मलाच सांगते, "मावशी, श्वास जरा हळू घे!" आता तुम्हीच सांगा, जिने उभा जन्म शाळेत काढला, माईकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवला, तिने श्वास हळू घ्यायचा? आणि कशासाठी? तर टेबलावर एक माशी बसली आहे, तिला वारा लागेल म्हणून! बरं, खरी माशीही नव्हे हो, यंत्र! तांदळाच्या दाण्याहून थोडंसं मोठं, दोन पंख, चार पाय आणि मागे केसाहून बारीक तार. माझी सख्खी भाची प्रयोगशाळेत असली यंत्रं घडवते. कीटक कसे उडतात ते निरखायचं आणि तसं उडणारं यंत्र करायचं. इमारत कोसळली, की हे ढिगाऱ्याच्या फटीतून आत शिरणार आणि कोण जिवंत आहे ते पाहणार. हेतू उदात्त आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पंखा बंद, खिडक्या बंद, दाराखाली टॉवेल… आणि डबा विसरली म्हणून तो द्यायला गेलेल्या मला कुठे बसवलं ठाऊक आहे? दार आणि टेबल यांच्या बरोबर मधे! का? तर म्हणे, "मावशी, तू बसलीस की फटीतला वारा छान अडतो!" म्हणजे माझी नेमणूक कोणत्या पदावर? आडोसा! अहो, माशी आहे की महाराणी?

तुम्हाला सांगते, एरवी मी तिथून तडक उठले असते. पण त्या दिवशी पोरीची परीक्षा होती. समिती येणार होती आणि समितीचं म्हणणं एकच: नुसतं तरंगणारं यंत्र काय कामाचं? वरून काही कोसळायला लागलं, तर खऱ्या माशीसारखं झटकन बाजूला झालं पाहिजे. झालं, तर काम पुढे चालू. नाही झालं, तर काम बंद आणि खोली दुसऱ्या कुणाला. आणि हिची माशी तरंगायची उत्तम, पण हात जवळ नेला, की बाजूला व्हायचं सोडून पाठीवर पडायची, पाय वर! "मावशी, कुठे माशी शिंकतेय तेच कळत नाही गं!" मी म्हटलं, "तिला आधी नीट उडू दे, शिंकायचं नंतर बघू."

इतक्यात समिती फाटकाशी आली का ते बघायला भाची बाहेर गेली. खोलीत मी आणि महाराणी. सहज नजर गेली, तर… डावा पंख कललेला! आता माझा स्वभाव असा, की भिंतीवरचं चित्र कललेलं दिसलं, तर परक्याच्या घरातही मी उठून सरळ करते. बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांची कॉलर मी नीट केली आहे. ते वळले आणि… ते जाऊ द्या. तर मी केसांतली पिन काढली, अगदी हळुवार लावली आणि… टक्!

भाची आत आली. "मावशी, पंख?"

"सरळ केला."

"पण आहे कुठे?"

"हा काय, पिनेच्या टोकाला. अगदी सरळ आहे."

"अगं, तो शेवटचा उपाय म्हणून मुद्दाम कलता ठेवला होता! त्यावरच वळणार होती ती!"

"मग तशी पाटी लावायची होतीस!"

पाटी कसली लावते? पोरगी मटकन खालीच बसली. "संपलं, मावशी. समिती खाली चहा घेतेय." तुम्हाला खरं सांगते, मीही घाबरले. पण शिक्षिकेची भीती वर्गाला दिसू द्यायची नसते. मी म्हटलं, "ऊठ. दुसरा पंख आहे?" म्हणाली, "आहे, पण तो बसवायचा सूक्ष्मदर्शकाखाली, आणि माझे हात बघ कसे थरथरताहेत!" म्हटलं, "माझे बघ. या हातांनी कंपासशिवाय फळ्यावर वर्तुळं काढली आहेत. मी धरते, तू चिकटव."

आणि धरला हो! कांद्याच्या पापुद्र्याहून तलम पंख, तो चिमट्यात, मान वाकडी, कमरेत उसण, आणि अट काय? बोलायचं नाही! मी! बोलायचं नाही! आमच्या ह्यांना नंतर फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "तुझ्याऐवजी दुसरं कुणी असेल." आणि भाची कानाशी कुजबुजतेय, "हलू नकोस… किंचित कलता… अजून कलता…" म्हणजे मी स्वतःच्या हाताने, जाणूनबुजून, वाकडं धरायचं! अहो, माशी आहे की महाराणी?

पंख चिकटतो न चिकटतो तोच समिती दारात. अध्यक्ष कडक इस्त्रीचे, हातात जाडजूड फाइल. ठरलं असं, की यंत्र तरंगायला लागलं, की अध्यक्षांनी फाइल हळूच त्याच्याजवळ न्यायची. भाचीने बटण दाबलं. भुर्रर्र! उठली! तरंगली! इकडे वळली, तिकडे वळली, आणि तारेच्या लांबीत बसेल तेवढी जागा हिंडून थेट येऊन बसली कुठे? माझ्या नाकावर! आयुष्यभर नाकावर माशी बसू दिली नाही हो मी! झटकावी, तर पंख जाणार. शिंकावं, तर भाचीचं भवितव्य समोरच्या भिंतीला चिकटणार. मी आपली पुतळा! आणि अध्यक्ष? शेवटी माणूसच तो. पाहुण्या बाईच्या नाकावर माशी दिसल्याबरोबर त्यांचा हात डोक्याला न विचारताच उठला. "अहो बाई, माशी!"

फाइल येताना मला दिसली. मी बाजूला होऊ शकत होते, वयाच्या मानाने चपळ आहे मी. पण मीच बाजूला झाले असते, तर तिने कशासाठी व्हायचं? मी डोळे मिटले.

फाट्!

डोळे उघडले, तर महाराणी डावीकडे हातभर अंतरावर सुखरूप तरंगत होती. भाची नाचतेय, "झाली! बाजूला झाली! आपली आपण झाली!" सदस्य टाळ्या वाजवताहेत, कुणी म्हणतंय, "पंखाला काही लागलं नाही ना?" पंखाला! माझ्या नाकातून गंगा-यमुना वाहताहेत आणि चौकशी पंखाची! अहो, माशी आहे की महाराणी?

अध्यक्ष ओशाळले, क्षमा मागितली, भाचीचं अभिनंदन केलं. मग घसा खाकरून म्हणाले, "मात्र एकदा घडलं, तो योगायोगही असू शकतो. शास्त्र म्हटलं, की पुन्हा पुन्हा तेच घडलं पाहिजे." आणि सगळी समिती माझ्याकडे बघायला लागली. भाचीही. "मावशी…" एवढंच म्हणाली.

काय करणार? जन्मभर पोरांना "पुन्हा करून दाखव" म्हणत आले. नाक पुसलं, खुर्ची पुढे ओढली, पाठ ताठ केली आणि अध्यक्षांना म्हटलं, "मारा. फक्त फाइल जरा पातळ घ्या."