सहावी क्लिप

वहिनी: अहो मिस्त्री, टेकून तरी बसा. खुर्ची काय चावतेय का? येतीलच हे खाली. पाण्याची तिसरी खेप आहे, शेवटची.

मिस्त्री: वर जाऊन किती वेळ झाला?

वहिनी: झाला असेल अर्धा तास. आवाज येतोय ना टेकडीवरून? तो येतोय तोवर मला काळजी नसते.

मिस्त्री: एकसारखा येतोय.

वहिनी: चढ आहे हो तिथे, दमते गाडी. चहा टाकू?

मिस्त्री: नको. जरा फोन लावता का दादांना?

वहिनी: फोन हा काय, खिडकीत पडलाय. उतारावर दोनदा खिशातून पडला, तेव्हापासून नेत नाहीत. तुमची मोटरसायकल दिसली तेव्हाच मी दारात टांगलेला तो रुळाचा तुकडा ठोकला. तो ऐकला की दोनदा हॉर्न देतात. म्हणजे ‘येतो’.

मिस्त्री: दिला हॉर्न?

वहिनी: आज नाही दिला. हातात पाण्याची नळी असेल. का हो, गाडीचं काही काम काढलंत का?

मिस्त्री: तसंच काहीसं. सीटच्या पट्ट्याचं बक्कल बघायचं होतं.

आप्पा: कोण आलंय गं सूनबाई?

वहिनी: मिस्त्री आलेत, आप्पा. आपली टेकडीवरची छोटी चारचाकी ज्यांच्याकडून घेतली ते.

आप्पा: अरे ये, ये! तुझा खेकडा झकास चालतोय बरं का. दोघं शेजारी शेजारी बसा, मागे हौद्यात टाकी टाका, खांब टाका, तारेची भेंडोळी टाका, काही म्हणत नाही बिचारा. मी हेच सगळं डोक्यावरून नेलंय त्या चढावर. माझी मान बघ, अजून वाकडी आहे. आणि माझा मुलगा आठवड्याचं काम एका दुपारात उरकतो आणि वर माझ्यासमोर येऊन जांभई देतो.

मिस्त्री: चालते ना नीट?

आप्पा: नीट म्हणजे? तूच नको म्हणत होतास ही. ती रुंद गाडी आमच्या गळ्यात मारायला निघाला होतास.

मिस्त्री: गळ्यात मारत नव्हतो, आप्पा. तुमचा उतार बघून सांगत होतो. बुडाला रुंद भांडं सहज कलंडत नाही, एवढंच.

आप्पा: आणि ती आत कशी आली असती? आकाशातून? फाटक अठ्ठावन्न इंच, गाडी चौसष्ट. ते दोन्ही खांब मी माझ्या हातांनी उभे केलेत, बावीस वर्षांपूर्वी. वादळात छप्पर गेलं, खांब हलले नाहीत. गाडीसाठी ते पाडायचे? नाकापेक्षा मोती जड!

वहिनी: ह्यांची तयारी होती हो. पण आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. मग आली अरुंद.

आप्पा: जेवलो नाही कारण भूक नव्हती.

वहिनी: हो, आणि चोरून बिस्किटं खाल्लीत ती उंदरांनी.

मिस्त्री: वहिनी, गाडी हल्ली वाजते का?

वहिनी: वाजते म्हणजे?

मिस्त्री: पट्टा न लावता चावी फिरवली की ती टीं-टीं करते ना, ते म्हणतोय.

वहिनी: अगबाई, ती! नका आठवण काढू. दोनशे चाळीस रोपं लावलीत ह्यांनी वर. दर चार रोपांना उतरायचं, पाणी घालायचं, परत चढायचं. दर वेळी टीं-टीं, टीं-टीं. आणि पट्टा लावेपर्यंत गाडी पळायचीही नाही, नुसती रांगायची. आप्पांची दुपारची झोप गेली ती वेगळीच.

आप्पा: मी त्याला म्हटलं होतं, एक तर त्या भोंग्याचं नरडं दाब, नाहीतर माझं.

वहिनी: पण आता पंधरा दिवस झाले, एकदाही वाजली नाही. सुंठीवाचून खोकला गेला. ह्यांना सवय लागली म्हणायची. आधी पट्टा, मग चावी. मी बहिणीलासुद्धा फोन करून सांगितलं, बाई गं, माझा नवरा सुधारला.

आप्पा: सुधारतोय कसला. चिक्कू आहे तो चिक्कू. चार रोपांसाठी गाडी थांबली तरी आधी इंजिन बंद करतो. पेट्रोलचा थेंब जळला की ह्याचं रक्त जळतं.

वहिनी: कुणावर गेलेत ते सांगू का? मिस्त्री, तुमच्या खिशात काय वाजतंय मघापासून? सारखा हात जातोय तिथे.

मिस्त्री: काही नाही.

वहिनी: ताकाला येऊन भांडं लपवू नका. काढा बाहेर.

मिस्त्री: ह्या... क्लिपा आहेत.

वहिनी: एक, दोन... पाच. बोटाएवढ्या पट्ट्या, मधे भोक. कसल्या ह्या?

मिस्त्री: मीच कापल्यात, पत्र्याच्या. पट्ट्याच्या टोकाला असते ना, तशीच. ही बक्कलात खोचून ठेवली की गाडीला वाटतं, माणसाने पट्टा लावला. मग ती वाजत नाही. रांगतही नाही.

वहिनी: आणि खरा पट्टा?

मिस्त्री: तो लोंबतो मागे.

आप्पा: वा रे पठ्ठ्या! डोकं आहे तुला.

मिस्त्री: असं नका म्हणू, आप्पा. हात जोडतो.

वहिनी: किती कापल्या होत्या?

मिस्त्री: सहा.

वहिनी: ह्या तर पाच आहेत.

मिस्त्री: हो.

वहिनी: मिस्त्री, मी काहीतरी विचारतेय तुम्हाला.

मिस्त्री: दादा दुकानात आले होते. म्हणाले, दिवसातून साठ वेळा पट्टा काढ-घाल करून खांदा कामातून गेला माझा. मी हसत हसत दिली हो. एकाला दिली, दुसऱ्याने मागितली, तसंच.

वहिनी: मला काही बोलले नाहीत.

मिस्त्री: तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. म्हणाले, ती टीं-टीं थांबल्याशिवाय बायको दारातून हलत नाही. आता लवकर आत जाईल, तिची कामं खोळंबणार नाहीत.

वहिनी: पंधरा दिवस मी... चावी फिरली, वाजलं नाही, की मी निश्चिंत आत वळतेय. मनातल्या मनात कौतुक करतेय. येऊ देत खाली, बघतेच. पण काय हो, आज एकाएकी क्लिपा गोळा करायची बुद्धी कशी झाली तुम्हाला?

मिस्त्री: ओढ्यापलीकडचा लाकूडवाला माहीत आहे ना?

आप्पा: ढेरपोट्या? परवाच फाटकाशी तासभर उभा होता. जायचं नाव घेत नव्हता.

मिस्त्री: काल संध्याकाळी त्याची गाडी उलटली. जोरात नव्हता म्हणे. ओंडके घेऊन सावकाश उतरत होता.

वहिनी: फार लागलं?

मिस्त्री: गेला, वहिनी.

आप्पा: काहीतरीच काय! डोक्यावर लोखंडी पिंजरा असतो की. तूच सांगितलं होतंस, त्यावर हात आपटून. गाडी उलटली तरी माणूस आत शाबूत.

मिस्त्री: आत असला तर, आप्पा. पट्टा असला तर माणूस आत राहतो. नसला की बाहेर फेकला जातो, आणि मग तोच पिंजरा अंगावर येतो. आज सकाळी गाडी ओढून माझ्याकडे आणली. बक्कलात माझी क्लिप होती, जशीच्या तशी खोचलेली. ही बघा, ही वाकडी झालेली. तेव्हापासून दारोदार फिरतोय. चार घरं झाली. तुमचं शेवटचं.

आप्पा: त्याची गाडी रुंद होती की अरुंद?

मिस्त्री: जाऊ द्या ना, आप्पा.

आप्पा: रुंद की अरुंद?

मिस्त्री: रुंद.

वहिनी: आमचं शेवटचं का? पहिलं का नाही?

मिस्त्री: वाट वाकडी पडते म्हणून... नाही. खोटं कशाला बोलू. दादा माझे जुने मित्र. लाज वाटली त्यांच्यासमोर यायची. म्हटलं, बाकीची आधी उरकू.

वहिनी: लाज वाटली! आणि इथे येऊन गप्पा ऐकत बसलात! वरातीमागून घोडं!

मिस्त्री: दादा वर गेलेत म्हणालात, तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. टाकी कुठली नेलीय, मोठी की छोटी?

वहिनी: मोठी. पण अर्धीच भरलीय, तेवढं मी बघते. मीच सांगितलं ह्यांना, गच्च भरू नका, उतारावर जड होईल. हलकी गाडी बरी.

मिस्त्री: अर्धी?

वहिनी: का? काय झालं?

मिस्त्री: काही नाही. वाट कुठून आहे वर जायची?

वहिनी: वाट नंतर, मिस्त्री. आता एक शब्द जरी गिळलात ना, तर बघा.

मिस्त्री: भरलेल्या टाकीत पाणी जागेवर बसतं, वहिनी. अर्ध्या टाकीत ते धावतं. गाडी जरा एका अंगाला झुकली की सगळं पाणी त्याच अंगाला जातं, आणि झुकलेल्या गाडीला आणखी ढकलतं. छोटी टाकी न्यायची, ती गच्च भरून. हे मी गाडी देताना सांगितलं होतं. सांगितलं होतं ना? मला आता काही आठवत नाही.

वहिनी: नाही. नाही सांगितलं. आणि मी शहाणी, रोज उभी राहून अर्ध्यावर नळ बंद करतेय.

आप्पा: अगं, तो काय लहान आहे? जन्म गेला त्याचा त्या टेकडीवर. मिस्त्री, तू उगाच पोरीला घाबरवू नकोस. कुठली ओळ आहे आज?

वहिनी: सगळ्यात वरची.

आप्पा: वरची.

वहिनी: काय आप्पा?

आप्पा: तिथलं गवत वाळलंय. चालताना माझाही पाय सरकायचा.

वहिनी: ठोका तो रुळाचा तुकडा. तुमचा हात जड आहे, तुम्ही ठोका. जोरात!

आप्पा: ठोकतोय. हा घे. हा घे. अरे ए, ऐकतोस का रे!

वहिनी: बस्स. बस्स, आप्पा. हॉर्न ऐकू द्या.

(तिघेही टेकडीकडे कान लावून उभे राहतात.)

आप्पा: वारा उलटा आहे. पोचलं नसेल वर.

मिस्त्री: मी निघतो. वाट तेवढी सांगा.

वहिनी: विहिरीच्या मागून पायवाट आहे. थांबा, मीही येते. ह्या क्लिपा उचला आधी इथून, मला बघवत नाहीत. आणि... थांबा, थांबा जरा. ऐका. आवाज येतोय की! येतोय ना आप्पा? इंजिन चालू आहे!

आप्पा: आहे, आहे. मी म्हटलं नव्हतं? चालू आहे.

वहिनी: हुश्श. चालू आहे म्हणजे येतायत. खाली येऊ देत, ती क्लिप मी माझ्या हाताने विहिरीत टाकते. मिस्त्री, असे काय बघताय? हसा की आता. चालू आहे ना?

मिस्त्री: चालू आहे, वहिनी. पण मी आल्यापासून आवाज एकाच जागेवरून येतोय.

आप्पा: पाणी घालत असेल रोपांना.

वहिनी: पाणी घालताना हे इंजिन बंद करतात, आप्पा.